सोफ्यासाठी लोकरी कापड : कोल्हापूरच्या हवेत निवड आणि निगा

कोल्हापुरात लोकर म्हटले की घोंगडे आठवते आणि सोफ्याचे कापड म्हटले की वेल्व्हेट नाहीतर रेक्झिन. ही दोन्ही घराणी एका खुर्चीवर नांदू शकतात हे सहसा कुणाच्या मनात येत नाही, आणि कुणी सुचवलेच तर पहिला प्रश्न ठरलेला असतो : मे महिन्यात त्यावर बसायचे कसे? प्रश्न रास्त वाटला तरी उत्तर उलटे आहे. लोकरीचा तंतू स्वतःच्या वजनाच्या जवळपास 30 टक्क्यांपर्यंत बाष्प शोषून घेतो आणि तरीही हाताला ओला लागत नाही. त्यामुळे अंगाचा घाम कापडात शिरतो व हळूहळू हवेत निघून जातो. रेक्झिनवरून उठताना कपडे जसे चिकटून येतात, तसे लोकरीवर होत नाही. दुसरा गुण आगीच्या बाबतीतला. लोकर साधारण 570 ते 600 अंश सेल्सिअसच्या पुढे पेट घेते, ती वितळून त्वचेला चिकटत नाही, आणि उदबत्तीचा निखारा तिच्यावर पडला तर बहुधा काळा ठिपका उमटून तो तिथेच विझतो.

अडचण उन्हाळ्याची नसून पावसाळ्याची आहे. जूनच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत इथली हवा इतकी दमट असते की शोषलेले बाष्प बाहेर सोडायला कापडाला संधीच मिळत नाही. म्हणून या लेखात धुण्याविषयी थोडे आणि वारा देण्याविषयी पुष्कळ सांगितले आहे. नव्याने लोकरी कापड घेणारी बहुतेक माणसे नेमकी याच्या उलट वागतात, आणि कापड वापराने झिजण्याआधी निगेने खराब होते.

आधी जागा, मग कापड

दुकानात जाण्यापूर्वी खुर्ची किंवा सोफा घरात कुठे राहणार आहे ते ठरवावे. पावसाचा मारा बसणाऱ्या बाहेरच्या भिंतीला टेकून लोकरी बैठक ठेवू नये. भिंत आणि सोफ्याची पाठ यांत निदान एक वीत अंतर असावे. जुन्या दगडी वाड्यात किंवा तळमजल्यावर राहणाऱ्यांनी तर हा नियम कधीही मोडू नये. पश्चिमेच्या खिडकीतून दुपारनंतर थेट ऊन येत असेल तर तीही जागा टाळावी, कारण दीर्घकाळच्या उन्हाने लोकर पिवळट पडते, रंग उतरतो आणि तंतू ठिसूळ होतो. स्वयंपाकघराला लागून बैठक असेल तर फोडणीचा तेलकट धूर कापडावर बसत राहतो व त्यावर धूळ चिकटते. अशा ठिकाणी फिकट रंग घेऊन स्वतःला शिक्षा करून घेऊ नये.

नवख्याने एकदम तीन जणांच्या सोफ्याला हात घालू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. अशा सोफ्याला घडणीनुसार साधारण 10 ते 12 मीटर कापड लागते आणि लोकरी कापड स्वस्त नसते. जेवणाच्या टेबलाच्या चार खुर्च्यांच्या बैठकींपासून सुरुवात करावी. त्यांचा हिशेब सोपा आहे. सोफ्याच्या कापडाचा पन्हा बहुधा 54 इंच असतो. बैठक 18 इंच चौरस आणि फोम दोन इंच जाड असेल, तर प्रत्येक बाजूला फोमच्या जाडीचे दोन आणि खाली दुमडून ठोकण्यासाठी दोन, असे चार इंच जास्त धरावेत. म्हणजे प्रत्येक तुकडा 26 इंचांचा होतो. पन्ह्यात असे दोन तुकडे शेजारी बसतात आणि चार बैठकींसाठी 52 इंच, म्हणजे सुमारे 1.32 मीटर लांबी पुरते. दीड मीटर घ्यावे. चौकड्या किंवा नक्षी जुळवायची असेल तर दोन मीटर घ्यावे, कारण नक्षी जुळवताना कापड वाया जाणारच.

लोकर आहे की नुसते नाव आहे

बाजारात ‘वुलन’ हा शब्द फार सैल वापरला जातो. हाताला ऊबदार लागणाऱ्या अॅक्रिलिकलाही वुलन म्हणतात, आणि विकणाऱ्याच्या मनात फसवणूक असतेच असे नाही. त्याच्याकडेही ते कापड त्याच नावाने आलेले असते. कोल्हापूरजवळच्या गांधीनगरच्या घाऊक कापडपेठेत असो वा शहरातल्या सोफा कापडाच्या दुकानात, ठाणाला लावलेली चिठ्ठी मागून वाचावी. तिच्यावर तंतूंची टक्केवारी छापलेली नसेल तर नमुन्याचा छोटा तुकडा घरी न्यावा आणि दोन चाचण्या कराव्यात.

पहिली जाळण्याची. कापडातून उभे व आडवे असे काही धागे वेगवेगळे काढावेत, कारण पुष्कळदा उभा धागा एका जातीचा आणि आडवा दुसऱ्या जातीचा असतो. धागा चिमट्यात धरून, पंखा बंद करून, खाली पाण्याची ताटली ठेवून तो ज्योतीजवळ न्यावा. लोकर आखडते, रेंगाळत जळते, ज्योत दूर केली की विझते, केस जळल्यासारखा वास येतो आणि उरलेली राख बोटात धरली की चुरा होते. पॉलिस्टर वितळून त्याचा कडक मणी बनतो. अॅक्रिलिकही वितळते, पण भडकून आणि काळा धूर सोडत जळते. सुताला कागद जळल्याचा वास येतो. रेशीमही केसासारख्याच वासाने जळते, परंतु सोफ्याच्या जाड कापडात रेशमाची शंका यावी असा प्रसंग क्वचितच येतो.

दुसरी चाचणी कपडे पांढरे करण्याच्या ब्लीचची. काचेच्या वाटीत थोडे ब्लीच घेऊन त्यात धागा सोडावा, खिडकी उघडी ठेवावी आणि त्यात दुसरे काहीही मिसळू नये. लोकर काही वेळाने त्यात चक्क विरघळून जाते. सूत आणि पॉलिस्टर तसेच राहतात. ही चाचणी एकदा डोळ्यांनी पाहिली की लोकरी सोफ्याच्या डागावर ब्लीच लावण्याचा मोह जन्मात होत नाही.

शंभर टक्के लोकरच हवी असा हट्ट मात्र धरू नये. 80 ते 85 टक्के लोकर आणि बाकी नायलॉन असे मिश्रण बैठकीसाठी उत्तम असते. नायलॉनमुळे झीज कमी होते आणि लोकरीचे गुण टिकतात. लोकरीचे प्रमाण निम्म्याच्या खाली गेले तर मात्र तिच्यासाठी जास्त पैसे मोजण्यात अर्थ नाही.

वीण, वजन आणि रंग

घासणीला कापड किती टिकते हे मोजण्यासाठी मार्टिंडेल नावाची चाचणी असते व तिचा आकडा चांगल्या सोफा कापडाच्या माहितीपत्रकात दिलेला असतो. घरगुती वापराला साधारण 20,000 आणि रोज दिवसभर वावर असलेल्या बैठकीला 30,000 च्या पुढचा आकडा पाहावा. आकडा मिळालाच नाही तर कापड उजेडासमोर धरावे. विणीतून प्रकाशाचे ठिपके दिसत असतील, किंवा दोन्ही अंगठ्यांनी ताणल्यावर धागे बाजूला सरकून फट पडत असेल, तर ते कापड बैठकीला घेऊ नये. साधी घट्ट वीण किंवा तिरप्या रेघांची ट्विल वीण नवख्याला सर्वांत सोयीची असते. गाठीगाठींचे बुक्ले कापड दिसायला देखणे असते, पण त्याच्या फासात मांजराची नखे, बांगड्या आणि चाव्या अडकतात. उंच लव असलेले कापड धूळ धरते व बसण्याच्या जागी तिला वळण पडते.

तळहात कापडावर दहा-बारा वेळा जोरात घासून पाहावा. थोडी मोकळी लव सुटणे स्वाभाविक आहे. पहिल्या काही महिन्यांत लोकरीवर बारीक गोळे येतातच, आणि ते ओढून न काढता कात्रीने अलगद कापावेत. ओल्या पांढऱ्या रुमालाने घासल्यावर रुमालाला रंग लागला, तर मात्र ते कापड तिथेच सोडून यावे. रंगाविषयी माझे म्हणणे एवढेच की तांबडा रस्सा ज्या घरात शिजतो त्या घराने एकरंगी पांढऱ्याच्या वाटेला जाऊ नये. करड्या, तपकिरी, मेंढीच्याच नैसर्गिक छटांचे, दोन-तीन रंगांचे धागे मिसळून विणलेले कापड डाग, धूळ आणि झीज तिन्ही झाकते.

येथे घोंगड्याचा विषय निघणे अपरिहार्य आहे. दख्खनी मेंढीच्या जातीत कोल्हापुरी हा एक प्रकारच मानला जातो, धनगर समाजाने ती मेंढी राखली, सनगर विणकरांनी तिच्या लोकरीची घोंगडी विणली, आणि पट्टणकोडोलीच्या विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेत आजही भंडाऱ्याबरोबर लोकर उधळली जाते. अशा जिल्ह्यात राहून सोफ्यासाठी परगावची लोकर शोधावी, हे मनाला पटत नाही. तरीही घोंगडे सोफ्यावर ताणून ठोकू नये, असेच मी सांगेन. दख्खनी लोकर भरड असते, तिचे टोकदार केस उघड्या त्वचेला टोचतात, आणि घोंगड्याची वीण अंथरण्या-पांघरण्यासाठी असते. खिळ्यांचा ताण सोसण्यासाठी ती नसते. शिवाय घोंगड्याच्या धाग्याला चिंचोक्याची खळ दिलेली असते. ती ओली राहिली की बुरशी आणि कीटक दोघांनाही आमंत्रण मिळते. दिवाणावर, लाकडी बाकावर किंवा झोपाळ्यावर घोंगडे मोकळे अंथरावे. रोज झटकता येते, उन्हात टाकता येते, आणि त्याचे आयुष्य आपल्यापेक्षा मोठे ठरू शकते.

कारागिराला काय सांगावे

सोफा कारागीर वेल्व्हेट आणि रेक्झिनचे काम रोज करत असतो. लोकरी कापड त्याच्या हाताखालून क्वचितच जाते. म्हणून तीन गोष्टी आधीच स्पष्ट सांगाव्यात. कापडाखाली प्लास्टिकचा कागद घालू नये, फोमवर सुती अस्तर घालावे. तळाला जे काळे कापड ठोकतात ते हवा खेळेल असे असावे. अनेक ठिकाणी तिथे रेक्झिनचे उरलेले तुकडे वापरतात आणि ओल आत कोंडून राहते. तिसरी गोष्ट, लव असलेल्या कापडाची दिशा सर्व तुकड्यांवर वरून खाली अशी एकच असावी, नाहीतर एकाच सोफ्यात दोन रंग दिसतात.

सुट्या उश्यांच्या खोळींना चेन लावून घ्यावी की नाही, याबद्दल माझे मन बराच काळ दोलायमान होते. चेन दिसली की खोळ काढून धुण्याची इच्छा होते. आमच्या घरी पहिल्याच वर्षी एक खोळ कोमट म्हणता म्हणता गरम झालेल्या पाण्यात, नेहमीच्या पावडरीत बुडवली गेली आणि चोळलीही गेली. बाहेर आली ती जाड, राठ आणि सुमारे दोन बोटे आखूड झालेली होती, व पुन्हा त्या उशीवर चढली नाही. लोकरीच्या तंतूवर माशाच्या खवल्यांसारखे सूक्ष्म खवले असतात. उष्णता, ओल आणि घासणे ही तिन्ही एकत्र आली की ते एकमेकांत अडकतात आणि पुन्हा सुटत नाहीत. जेन आणि बुरणूस ही न विणता लोकर दाबून केलेली जाड कापडे याच गुणावर बनवली जातात, पण सोफ्याचे जेन करून चालत नाही. एवढे होऊनही मी चेनच्या बाजूने आहे, कारण पावसाळ्यात खोळ उघडून आतल्या फोमला वारा देता येतो. मात्र ‘धुण्यासाठी नव्हे’ असे घरातल्या सर्वांना बजावून ठेवावे.

रोजची आणि आठवड्याची निगा

लोकरी कापड झिजवते ती मुख्यतः धूळ. मातीचे बारीक कण विणीत उतरतात आणि माणूस बसला-उठला की तंतू कापत राहतात. आठवड्यातून एकदा मऊ ब्रशचे तोंड लावलेल्या व्हॅक्यूम क्लीनरने, कमी ओढीवर, विणीच्या दिशेने धूळ काढावी. बैठक आणि पाठ यांमधली सांद विसरू नये. यंत्र नसेल तर मऊ केसांच्या ब्रशने झाडावे. सुट्या उश्या फिरवत राहाव्यात, म्हणजे घरातल्या ज्येष्ठांची ठरलेली जागा एकटीच खचत नाही.

डाग

डाग पडल्यावर पहिले काम पाणी आणण्याचे नाही. घट्ट पदार्थ चमच्याच्या कडेने बाहेरून आतल्या बाजूला गोळा करावा, पातळ पदार्थ पांढऱ्या सुती कापडाने नुसता दाबून टिपावा. घासणे सर्वथा वर्ज्य समजावे. ताज्या लोकरीवर सांडलेले पाणी किंवा चहा क्षणभर थेंबाच्या रूपात वरच राहतो. तेवढ्यात टिपले तर बहुतेक वेळा पुढचे काहीच करावे लागत नाही.

साबण निवडताना चूक होण्याची शक्यता सर्वांत जास्त असते. कपड्यांच्या अनेक पावडरींत दूध, रक्त असे डाग काढण्यासाठी प्रथिने तोडणारी एन्झाइम असतात, आणि लोकर हे स्वतःच एक प्रथिन आहे, आपल्या केसांसारखेच. धुण्याचा सोडा आणि तीव्र अल्कली साबणही तिला बाधतात. लोकरीसाठी म्हणून विकले जाणारे ईझीसारखे द्रव साबण वापरावेत. एका वाटी थंड किंवा जेमतेम कोमट पाण्यात अर्धा चमचा पुरे. रिठ्याचे पाणीही चालते, परंतु ते तपकिरी असल्याने फिकट कापडावर नको. कोणताही उपाय आधी सोफ्याच्या मागे, न दिसणाऱ्या जागी करून पाहावा.

तांबड्या रश्श्याचा किंवा मिसळीच्या कटाचा डाग म्हणजे तेल, मिरचीचा रंग आणि हळद असे तीन डाग एकावर एक असतात, म्हणून ते क्रमानेच काढावे लागतात. रस्सा टिपून घेतल्यावर त्या जागी कॉर्नफ्लोअर किंवा साधी टाल्कम पावडर जाड थरात टाकून रात्रभर ठेवावी. ती तेल ओढून घेते. सकाळी ती झाडून, गरज पडल्यास पुन्हा टाकावी. त्यानंतर द्रव साबणाच्या पाण्यात बुडवून पिळलेल्या कापडाने कडेकडून मध्याकडे टिपत जावे आणि शेवटी साध्या ओल्या कापडाने साबण काढावा. हळद साबणातल्या अल्कलीने लालसर होते, ते पाहून घाबरू नये व आणखी साबणही ओतू नये. उरलेली पिवळी छटा उजेडाने हळूहळू फिकी होते, कारण हळदीचा रंग प्रकाशात टिकत नाही. खोळ निघत असेल तर डागाची जागा काही दिवस सकाळच्या कोवळ्या उन्हात धरावी.

चहाच्या डागाला एक वाटी पाण्यात एक चमचा पांढरे व्हिनेगर घालून टिपावे. दूध आणि रक्त यांना फक्त थंड पाणी लावावे. गरम पाण्याने ते डाग कायमचे बसतात.

कोल्हापुरात गुलालाचा विचार वेगळा करावा लागतो. जोतिबाच्या चैत्र यात्रेहून आलेला माणूस दारातून थेट सोफ्यावर बसतो आणि सोफा गुलाबी होतो. लोकर रंग पटकन धरणारा तंतू आहे आणि रंग तिच्यात शिरायला ओल लागते. त्यामुळे कोरड्या गुलालाला पाण्याचा थेंबही लावू नये. ओल्या हातानेसुद्धा पुसू नये. व्हॅक्यूमने किंवा हलक्या झटक्याने तो जितका निघेल तितका काढून टाकावा, आणि मगच उरलेल्याकडे वळावे. भंडाऱ्यालाही हेच लागू पडते. रंगपंचमीच्या दिवशी उपाय शोधत बसण्यापेक्षा बैठकीवर आदल्या रात्रीच दोन जुन्या चादरी अंथराव्यात.

पावसाळा आणि कसर

मे महिन्याच्या अखेरीस, वळवाच्या सरी गेल्यानंतरच्या एखाद्या कोरड्या दिवशी, सोफा पुढे ओढून त्याची पाठ व तळ स्वच्छ करावा, खोळी उघडून फोम सकाळी तासभर उन्हात आणि नंतर सावलीत वाऱ्यावर ठेवावा. सोफ्यात ओल आणि मळ दोन्ही नसताना पावसाळा सुरू झाला पाहिजे. खरे तर वर्षभरातले सर्वांत महत्त्वाचे काम हेच. पावसात भिजून आलेल्याने कपडे बदलल्याशिवाय बसू नये, ओला टॉवेल सोफ्याच्या हातावर टाकू नये, आणि दिवसातून थोडा वेळ पंख्याचा वारा बैठकीच्या पाठीमागेही फिरेल असे पाहावे. पावसाळ्यात डाग पडला तर तो टिपून, शक्य तेवढे कमी पाणी वापरून लगेच पंख्याखाली वाळवावा. कुबट वास येऊ लागला तर अत्तर फवारू नये. आतला फोम ओला आहे असा त्याचा अर्थ असतो. पुराचे पाणी शिरलेला सोफा वाचवण्याच्या खटपटीत पडू नये. 2019 आणि 2021 मध्ये अनेकांनी तसे करून पाहिले. सांगाडा लाकडी व मजबूत असेल तर तो वाळवून ठेवावा, फोम आणि कापड टाकून द्यावे.

कसर म्हणून आपण जिला ओळखतो ती एका लहान, फिकट सोनेरी पतंगाची अळी असते. उडणारा पतंग काहीच खात नाही. लोकर खाते ती अळीच. तिला अंधार, शांतता आणि घामाचा किंवा अन्नाचा अंश लागलेली लोकर प्रिय असते. म्हणून ती रोज बसण्याच्या जागी न दिसता सोफ्याच्या तळाशी, पाठीच्या दुमडीत आणि उशीखालच्या सांदीत सापडते. कापडावर अनियमित भोके, रेशमासारखी बारीक जाळी किंवा वाळूसारखे कण दिसले तर लगेच सर्व सांदी व्हॅक्यूम करून त्याची पिशवी घराबाहेर रिकामी करावी. सुटी खोळ प्लास्टिकच्या पिशवीत हवा काढून बंद करावी व फ्रीजरमध्ये उणे 18 अंशांवर दोन आठवडे ठेवावी. बाहेर काढल्यावर पिशवी खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नये, नाहीतर कापडावर दव धरते. कडुनिंबाचा पाला ठेवण्याची रीत चांगली आहे, पण आधीच शिरलेली अळी त्याने मरत नाही. डांबराच्या गोळ्या बैठकीच्या खोलीत वापरू नयेत. त्यांची वाफ बंद कपाटासाठी असते, आणि काही तान्ह्या बाळांच्या रक्ताला ती घातक ठरू शकते.

घटस्थापनेपूर्वी घरातली झाडून सगळी अंथरुणे-पांघरुणे धुऊन काढण्याची आपल्याकडची रीत आहे, आणि त्या आठवड्यात धुण्याचा उत्साह इतका असतो की सोफ्याच्या खोळीही त्यात ओढल्या जातात. त्या वेळी खोळी बाजूला ठेवाव्यात. पावसाळ्यानंतरच्या पहिल्या कोरड्या दिवसांत त्या उलट्या करून वाऱ्यावर टाकाव्यात, ब्रशने झाडाव्यात, सोफ्याच्या सांदी तपासाव्यात. खोळ खरोखरच मळली असेल तर लोकरीच्या कपड्यांचे ड्रायक्लीनिंग करणाऱ्याकडे चिठ्ठीवरची टक्केवारी सांगून द्यावी.

कापड घेताना उरलेला तुकडा कपाटात जपून ठेवला की तो दहा वर्षांनी सापडत नाही, किंवा सापडतो तेव्हा कसरीने खाल्लेला असतो. कारागिराला तो बैठकीच्या तळाच्या काळ्या कापडाच्या आत दोन टाचण्यांनी सैल अडकवून ठेवायला सांगावा, आणि दर मे महिन्यात सोफा उलटा कराल तेव्हा त्याचीही धूळ झटकावी.